मालकिणीने जिन्यात थांबावे

इंचॉन,
किमची घालायचा आठवडा

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस,

हेवॉनचा वाकून नमस्कार. थंडी पडली, गुडघे कसे आहेत? घर विकून जेग्यूनदादाकडे राहायला गेल्यापासून तुम्हाला करमत नाही असं कळलं. वहिनी मुळ्याला मीठ कमी लावतात हेही कळलं (तुमच्याकडूनच, फोनवर, दर आठवड्याला). इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुम्ही मला घ्यायला लावलेल्या फ्लॅटबद्दल लिहायचं होतं. मालकीण व्हायला पैसे लागत नाहीत, भाडेकरू लागतो, असं तुम्ही म्हणाला होतात. तो दरमहा भाडं देत नाही. एकदाच घसघशीत ठेव देतो आणि जाताना ती पूर्ण परत घेऊन जातो. त्या ठेवीत आपली चिमूटभर भर घालून घर घ्यायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे मला तेव्हाही कळलं होतं. बायजी मीच आहे, हे आता कळतंय. कारण भाडेकरू प्योसाहेब निघालेत. त्यांच्या बायकोला सातवा महिना आहे. नव्या घराचा विसार देऊन झालाय आणि महिनाअखेरचा, भुतंखेतं आड येत नाहीत असा दिवस सामान हलवायला धरलाय. त्या सकाळी ठेव हातात पडली नाही तर त्यांचा विसार बुडेल आणि हा फ्लॅट लिलावात जाईल. ठेव तर भिंतींत गेली. ती बाहेर काढायला एकच वाट आहे, ती म्हणजे नवा भाडेकरू.

तुमचा तोडगाही केला. रांगा लागणाऱ्या खानावळीतली मांस कापायची कात्री चोरून दारामागे उलटी टांगायची, म्हणजे घर लगेच जातं. मी खानावळवालीची परवानगी मागितली. ती म्हणाली, "अगं पोरी, विचारून नेलीस तर चोरी कसली? मी पाठ फिरवते, तू ने." तिने पाठ फिरवली, मी कात्री उचलली आणि गल्ल्यापाशी किंमत ठेवून आले. (गुण आला नसेल तर दोष माझा, तुमच्या शास्त्राचा नव्हे.)

तरी माणसं आली. प्योसाहेबांनी उत्तरेकडच्या भिंतीवरच्या बुरशीपुढे कपाट सरकवलं होतं आणि वासाला कॉफी उकळत ठेवली होती. पहिलं जोडपं खूश झालं, घर किती उबदार म्हणालं. मी मदतीला गेले होते, म्हणून कपाटामागे काय आहे ते सांगितलं, आणि वरच्या मजल्यावरचं मूल पहाटे दोरीवरच्या उड्या मारतं तेही. पाय बुटांत पुरते जायच्या आत ती दोघं रस्त्यावर होती. प्योसाहेब म्हणाले, "मालकीणबाई, घर तुमचं, आणि खोटं मी बोलायचं? बरं, बोलतो. पण तुम्ही जिन्यात थांबत जा."

मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. ती बाजारात मुळे विकायची तेव्हा किडकी बाजू वर ठेवायची, म्हणून घरात हे शिक्षण आधी मिळालं, शाळा मागाहून. ते म्हणाले, "बुरशीसाठी फोन केला की तुमच्या मावशी म्हणायच्या, बुरशी नाही ती, भिंतीचा रंग पोक्त होतोय. त्याही त्याच आजीच्या ना?" मी म्हटलं, हो, पण त्यांचं शिक्षण बाहेर झालं.

पुढच्या खेपेला मी खरंच जिन्यात बसले. एक वयस्कर गृहस्थ घर पाहून गुणगुणत खाली आले आणि मला शेजारीण समजून विचारू लागले की घर कसं आहे. मी गप्पच बसणार होते, मावशी. पण त्यांनी विचारलं.

ते गेल्यावर प्योबाई पोट सावरत माझ्या पायरीवर येऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, बाळाला त्या भिंतीपाशी झोपवायचं नाही, म्हणूनच आम्ही चाललोय. तुम्ही खोटं बोलू नका. पण आमचे पैसे तेवढे द्या." आणि भाजलेल्या रताळ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तेव्हा आता मला असा भाडेकरू हवा, ज्याला काही सांगावंच लागणार नाही. तब्येतीला जपा.

तुमची नम्र भाची,
हेवॉन

ता. क. घर विकल्याचे तुमचे पैसे बँकेत पडून आहेत, आणि ते नेमके प्योसाहेबांच्या ठेवीला पुरतात. फ्लॅट तुम्हीच निवडला होता, त्यामुळे दाखवायला आणायचीही गरज नाही. महिनाअखेरीस राहायला यावं ही विनंती.

आणखी एक. नाही म्हणायला तुम्ही अगदी मोकळ्या आहात. मात्र लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून हे पत्र आधी वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे ट्रक ठरवून पैसे भरून टाकले. तुमच्या हिवाळी रजया बांधूनही झाल्या आहेत. आज रात्री थंडी वाजली तर तेवढी एक गाठ सोडायला सांगा.