उभ्या ओळींची मालिनी

अ‍ॅमस्टेलव्हीन,
१२ मे २०२१

प्रिय शर्वरी,

कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही, तरी विचारतो. नाशिकला काका स्वतः काही करून खातात, की शेजारून डबा येतो? इकडे सगळे बरे. मी कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, तरी बाबा अजून ओळखीच्यांना सांगतात, विराज एक वर्ष सुट्टीवर आहे. गोदामात काम भरपूर आहे. लोक घरी बसून किराणा मागवतात, आम्ही क्रेट भरतो.

हे मेसेजवरही लिहिता आलं असतं. पण मेसेजला तू मध्येच उत्तर देतेस, मग मी तापतो, आणि आपण पुन्हा नोव्हेंबरात येऊन थांबतो. तू म्हणाली होतीस, "विराज, मला थोडे दिवस श्वास घेऊ दे." मी म्हणालो होतो, "घे ना, सुयशकडे खिडक्या मोठ्या आहेत." त्याबद्दल माफी मागितली होती का मी? नसेल तर ही घे.

सुयश कसा आहे? कुत्सितपणे विचारत नाहीये. बरं, विचारतोय. आइंडहोवेनला चिपच्या कंपनीत नोकरी, सोमवारी पोहे, बुधवारी योगासनं, असा माणूस खरा असू शकतो यावर माझा अजून विश्वास नाही. त्यानंच तुला त्या पत्रांच्या कामाला लावलं. अमेरिकेतल्या कुठल्या संग्रहालयातली दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पत्रं, लॉकडाउनमध्ये घरबसल्या वाचून टाइप करायची. तुमच्या वाट्याला ओहायोतली ल्युसिंडा पेल आली. कागद महाग म्हणून ती पान भरलं की ते आडवं फिरवायची आणि लिहिलेल्यावरूनच पुन्हा लिहायची, चटईच्या विणीसारखं. अशा पानाला दोन वाचक लागतात. आडव्या ओळी तुझ्या, उभ्या सुयशच्या. एकमेकांचं आधी बघायचं नाही, आणि रोज पाच वाजता फोनवर जुळवायचं.

रोज पाच वाजता. मला तू आठवड्यातून एकदा फोन करायचीस, तोही भांडी घासताना.

जानेवारीत सुयशला ऑफिसचं काम वाढलं आणि त्याच्या जागी मालिनी आली. मालिनीताई. आर्नहेमची, पन्नाशीची, घसा बसलेला म्हणून फोनवर न बोलणारी, फक्त लिहिणारी. तू मला मार्चमध्ये सांगितलंस, "इतकी शहाणी बाई आहे, तू तिच्याशी दहा मिनिटं बोललास तर माणसात येशील." मी फोन कापला होता. तुला वाटलं मी चिडलो. मी चिडलो नव्हतो.

शर्वरी, आर्नहेमला कोणी मालिनी नाही. ती मी आहे.

तू आणि तो त्या पानांखाली एकमेकांना काय लिहिता, एवढंच बघायला मी संग्रहालयाच्या साइटवर खोट्या नावानं नोंदणी केली होती. तो निघून गेला आणि पान माझ्यासमोर आलं. आठवडाभरात बंद करणार होतो. पण ती बाई सोडेना. एकोणिसाव्या वर्षी लग्न, सहा मुलं, त्यातला दुसरा बर्फात पुरलेला. तुझ्या आडव्या ओळींत ती बहिणीला साबण, मेणबत्त्या, लेकराचे दात असं सगळं कळवायची, आणि माझ्या उभ्या ओळींत खरं बोलायची. घरात राहायला आलेल्या तरुण शिक्षिकेला तिचा नवरा जोसाया रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. ल्युसिंडानं ते वर्तमानपत्र चुलीत घातलं आणि टपालच आलं नाही म्हणून सांगितलं. नंतर सबंध उभं पान तिला त्याची लाज वाटत होती. पेपर मात्र तिनं पुढच्या आठवड्यातही जाळला. ते टाइप करताना मला वाटलं, ही बाई मला ओळखते.

आणि तू मालिनीला सगळं लिहायचीस. "विराज वाईट नाही हो ताई, पण त्याच्यासोबत असलं की सतत परीक्षा चालू असते, आणि पेपर त्यालाच ठाऊक." हे तू मला का नाही सांगितलंस? तिला तू रात्रीच्या जेवणात काय केलंस तेही सांगायचीस. सुयशवर जळणं सोपं होतं. मालिनीवर जळताना करायचं काय? एकदा मी मुद्दाम दोन दिवस उत्तर दिलं नाही, तर तू मला फोन करून विचारलंस, "आर्नहेमला कोरोना फार आहे का रे?"

आता खरं ते.

नाशिकला तुझ्या आईला कोरोना झाला, एप्रिलच्या मध्यात काकूंना ऑक्सिजन लावला. तुला जाता येत नव्हतं. आणि तीनच दिवसांत ल्युसिंडाचं शेवटचं पान आलं. आडव्या ओळी तिच्या: तीन दिवस ताप आहे, उतरेल. उभ्या ओळींत अक्षर वेगळं होतं. तू विचारलंस, "ताई, पुढे काय झालं? मला आजच सांगा." मी नऊ तास गोदामात त्याच प्रश्नावर क्रेट भरत होतो. मग लिहिलं: ताप उतरला, ती उठून बसली, हात थरथरतो म्हणून नवऱ्याकडून लिहून घेतलंय.

तू ते व्हिडिओवर काकूंना सांगितलंस. त्या हसल्या, म्हणाल्या, "बघ, अमेरिकेची बाई उठली, मी तर नाशिकची आहे." हे तू मालिनीला लिहिलंस. दहा दिवसांनी त्या गेल्या, आणि तू आधी कळवलंस तेही मालिनीलाच. मला दुसऱ्या दिवशी. तुझी आई गेली होती आणि मी हिशेब करत बसलो होतो की तू कुणाकडे आधी रडलीस. मी असा आहे.

आता तू मालिनीला शनिवारी तुझ्या गावात, कापेलला, कॉफीला बोलावलंयस, बाहेरची टेबलं उघडली म्हणून. आधी वाटलं, तिला आजारी पाडावं, भारतात पाठवावं. मग वाटलं, आणखी एका बाईचं मी काही ठरवू नये.

उभ्या ओळींत जोसायानं लिहिलंय ते असं: "ल्युसिंडा गुरुवारी उजाडायच्या आधी गेली. शेवटी तिनं विचारलं, सफरचंदं आत घेतली का. मी हो म्हणालो. घेतली नव्हती. ती बाहेर पावसात होती आणि अजून तिथेच आहेत. मुलांना मी काही सांगू शकत नाही."

तो खोटं का बोलला ते मला कळतं. पण त्यानं बहिणीला खरं कळवलं. मी पंचवीस दिवस लावले.

जुळवलेल्या पानात बदल करायला दोन्ही वाचकांची संमती लागते. मी माझी आज दिली, विराज देशमाने या नावानं. संग्रहालयालाही मालिनीचं कळवलं. ते मला काढून टाकतील. तुझी संमती बाकी आहे. तू ती दिलीस की ल्युसिंडा त्या पानावर मरेल, आणि काकूंना तू जे सांगितलंस ते खोटं होतं हे लेखी राहील. नाही दिलीस तरी मी कधी विचारणार नाही.

हे वाचून तू सुयशला फोन करशील. कर. मला ते सहन होत नाही, तरी कर.

शनिवारी तुझ्या टेबलावर कोणी येणार नाही. मालिनीची वाट बघू नकोस, आणि मी तुझी वाट बघतोय हे मनावर घेऊ नकोस.

तुझ्याशी खोटं बोललेला, आणि त्या दहा दिवसांत तुझ्या सगळ्यात जवळ असलेला,
विराज