परगृहातून आलेली पाहुणी

रोहा, ता. ६ सप्टेंबर १९८८

ती. दादास मालूचा शि. सा. न.

इकडे सर्व क्षेम. ह्यांची शिफ्ट दुपारची आहे, म्हणून घर शांत आणि मी पत्राला बसले.

आमच्या टॉकीजचं काही खरं नाही, दादा. घरोघर व्हिडिओ आले. बारा वर्षं मी तिकिटाच्या खिडकीत बसते, पण हल्ली तिथे पाल जास्त आणि गिऱ्हाईक कमी. मालक नाथाशेठ दसऱ्यापासून थिएटर खताच्या व्यापाऱ्याला गोदामाला देणार आहेत. मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, एक आठवडा देतो, भरून दाखव. दिला तोही पितृपक्षातला. त्या आठवड्यात फक्त जुने इंग्रजी विज्ञानपट मिळतायत. तीस नावांची यादी सोबत जोडली आहे.

त्यातले तीन निवडून दे. नुसते गाजलेले नकोत. ज्यांच्यामुळे पुढचे सगळे निघाले, असे हवेत. म्हणजे लोकांना काही सांगता तरी येईल. तू मुंबईला संस्कृत शिकत होतास तेव्हा व्याकरणाच्या तासाला कुठल्या थिएटरात असायचास, हे बाबांना कधी कळलं नाही. मला माहीत आहे. खिडकी गेली तर मी दिवसभर घरी बसेन आणि रोज तुला पत्र लिहीन, एवढा विचार कर.

विमलवहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मालू

* * *

पेण, ता. ११ सप्टेंबर १९८८

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी वहिनी आठ दिवस माहेरी गेली आहे. मी स्वतः भात लावतो. आजवर त्याचे दोन पाठभेद हाती आले, कच्चा आणि करपलेला. आळीत गणपती रंगताहेत, त्यामुळे आमटीत हळद किती आणि पिवळा रंग किती हे सांगवत नाही.

पितृपक्षात चित्रपटांचे पूर्वज आठवायचे, हे नाथाशेठच्या हातून नकळत का होईना शास्त्राला धरून झालं आहे. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात. म्हणून मीही तीनच घेतले.

यादीतला पहिला मुका चित्रपट हा पणजोबा. त्यातला चंद्र पुठ्ठ्याचा आहे हे पोरही ओळखेल. पण माणूस पृथ्वी सोडून जातो ही वाट त्याने पाडली, पुढच्यांनी फक्त डांबर घातलं. अकरावा हा आजोबा. त्यात शास्त्रज्ञ यंत्र घडवतो आणि यंत्र त्याच्याच डोक्यावर हात ठेवतं. गोत्र भस्मासुर. तेव्हापासून प्रत्येक शास्त्रज्ञाचे केस विस्कटलेले असतात.

बाविसावा मात्र बाप. त्याआधी आकाशातून जो येई तो आगच लावत येई. इथे दीपगृहाच्या रखवालदाराच्या घरी एकटी, वाट चुकलेली एक जण येते. तिला भाषा येत नाही, ती चमच्याने मीठ खाते आणि सगळं गाव तिला खिडकीतून बघून जातं. भ्यायलेली ती, आणि भीतिदायक आपण. हे उलटं करून दाखवल्यावर अख्ख्या घराण्याचा स्वभाव बदलला. तबकड्या येऊन गावं जाळतात तो सतरावा का वगळला, असं तू विचारशील. गाजणं वेगळं, वंश चालणं वेगळं.

बाविसाव्याचं इंग्रजी नाव इथे कोणी वाचणार नाही. मराठी पाटी कर. तुमच्या पोपट पेंटरचं शुद्धलेखन मी जाणतो. त्याने एकदा 'शीतपेये' विकणाऱ्याला 'शितपेये' देऊन भाताची पेज विकायला लावली होती. तेव्हा मी लिहितो ते अक्षरन् अक्षर उतरवायला सांग. स्वतःची अक्कल घालू नये.

परगृहातून आलेली पाहुणी

करपलेल्या भाताचा वास येतो आहे. लोभ आहे, तो भातासारखा लागू नये.

महिपती

* * *

पेण, ता. २९ सप्टेंबर १९८८

चि. सौ. मालूस अ. आ.

आज पेणच्या एसटी स्टँडवर तुमचं पोस्टर पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. पोपटला विचार, ग्रह म्हणजे काय आणि गृह म्हणजे काय. मंगळ, शुक्र हे ग्रह. तुझं माझं घर ते गृह. परग्रहातून म्हणजे दुसऱ्या ग्रहावरून. परगृहातून म्हणजे शेजारच्या घरातून! ग ला र जोडायचा तिथे त्याने ऋकार दिला आणि अख्खं ब्रह्मांड ओलांडून आलेल्या बाईला भिंतीपलीकडून आणलं. माझे शाळेतले सहकारी पोस्टरखाली उभे राहून हसत होते. ती पाटी माझी आहे हे कृपा करून कुणाला सांगू नकोस.

रागावलेला असलो तरी तुझाच,
महिपती

* * *

रोहा, ता. ३ ऑक्टोबर १९८८

ती. दादास मालूचा शि. सा. न.

तुझं ११ तारखेचं पत्र सोबत परत पाठवते आहे. पान दुसरं, शेवटून तिसरी ओळ. पोपट म्हणाला, सरांनी अक्कल घालू नको म्हणून सांगितलं होतं, नायतर मला शंका आली होती.

हसून झालं की पुढचं वाच.

शुक्रवारी पणजोबांना सोळा माणसं होती. शनिवारी आजोबांना त्याहून कमी, आणि त्यातले तिघे पंख्याखाली झोपायला आलेले. काल रविवारी पाहुणी लागली. दुपारच्या खेळाला खिडकीतून पाहते तर बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत. धाटावच्या, कोलाडच्या, पोरं काखेला घेतलेल्या. परगृहातून आलेली म्हटल्यावर सगळ्या धरून चालल्या होत्या की ही नव्या सुनेची गोष्ट. मी घाबरले. आत इंग्रजी चित्र, त्यात निळी बाई, मीठ खाणारी. आता खुर्च्या मोडतात असं वाटलं.

कोणी उठलं नाही, दादा. गावातले लोक तिला बघायला येतात तिथे हुंदके सुरू झाले. धाटावची धोंडुबाई माझा हात धरून म्हणाली, "बाय गो, निळी असूं दे नायतर काळी, नव्या घरात सगल्यांचंच आसं व्हतं." आज ती चार जणींना घेऊन परत आली.

बाकीचे दोन उतरवले. गुरुवारपर्यंत पाहुणीच ठेवतोय. नाथाशेठ मात्र अजून बोलत नाहीत. गुरुवारचा तीनचा खेळ स्वतः बघून सांगतो म्हणाले. तू ये. वहिनींना घेऊन ये.

ओढ आहे तशी असू दे.

मालू

* * *

पेण, ता. ८ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी तू गर्दीत बुडाली होतीस, म्हणून दाराशी काय झालं ते लिहितो. नाथाशेठ मागच्या भिंतीला टेकून उभे होते, कारण मालकाला खुर्ची उरली नव्हती. खेळ सुटल्यावर मला म्हणाले, खतवाल्याला दुसरी जागा बघायला सांगितलं. वर मला तंबी दिली की पुढची यादी करताना पाटीही मीच लिहायची, आणि अशीच लिहायची.

आता माझ्या चुकीविषयी. तेव्हा तुझी वहिनी घरात नव्हती, आणि मनात गृह होतं तेच हातून उतरलं. तरी परतीच्या गाडीत मी तिच्यापुढे बचाव मांडला, की ग्रह आणि गृह दोन्ही एकाच धातूपासून आले. धरून ठेवतो तो ग्रह, सामावून घेतं ते गृह. ती म्हणाली, म्हणजे चूक झाली एवढंच ना.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीबी पयल्या वर्षी बोलत नव्हते. तोंड उघडलं की तुम्ही नाय चं नाही करायचात. म्हटलं, गप बसलेलं बरं."

चोवीस वर्षं झाली, मालू. मला वाटायचं, बायको मुळात अबोल मिळाली. बाविसाव्या चित्रपटावर दोन पानं लिहिली मी, आणि घरात तो चालू होता.

मी तिला म्हटलं, आता बोल. ती बोलली. नागोठणे गेलं, कासू गेलं. तिच्या माहेरची विहीर, माझ्या आईने लपवून दिलेला लाडू, माझं शाळेत निघताना स्वतःशीच श्लोक पुटपुटणं आणि त्यावर तिने केलेली नक्कल. नक्कल फार चांगली आहे. मी इतका हसलो की समोरच्या बाकावरच्या माणसाने जागा बदलली. आणि पेण येऊन गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

उतरलो ते पेणच्या पुढे, जिते स्टेशनवर. परतीची गाडी कधी, ते तिने स्टेशन मास्तरांना विचारलं आणि मला येऊन सांगितलं, "आता गाडी नाय." मी म्हटलं, नाय तर नाय. रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि एसटीची वाट बघत बसलो. तिचं बोलणं अजून संपायचं होतं.

दोघांचाही जीव तुझ्यावर आहे, तुझाही आमच्यावर राहो.

महिपती