फॉर्म माझाच होता

ती. आईस, सुजितचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

ताईच्या बाळाच्या उष्टावणाला येणार का, असं विचारलंस. रजेचंच ठरत नव्हतं, म्हणून पत्र लिहायचं तीन आठवडे टाळलं; अजूनही ठरलेलं नाही. रागावू नकोस.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. इथे न्हावा शेव्याला बोंबील मस्त मिळतात, पण ते राहू दे. आमच्या कामगार-हक्कांच्या ऑफिसात पाचजण होतो, आता मी आणि क्रांतीमॅडम दोघंच उरलो. कंटेनरच्या ड्रायव्हरांना सुट्टी मिळते का, ते आम्ही फॉर्मवर लिहून घेतो. नाव घालायचं नसतं. गेल्या महिन्यात कंटाळून मी माझाच एक भरला: चाळीस दिवसांत सुट्टी नाही. मॅडमच्या हातून तो बाकीच्यांबरोबर परदेशातल्या मुख्य ऑफिसला गेला. तिकडून उत्तर आलं, "हा कामगार फार दमलाय. त्याच्या मालकाला ताबडतोब जाब विचारा."

मॅडम म्हणाल्या, "अरे येड्या, मालक तेच की! विचारू कुणाला?" दोघंही हसलो.

तुझी कंबर कशी आहे? बाळ कुणासारखं दिसतं?

तुझा,
सुजित

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मुख्य ऑफिसच्या मोठ्या बाई न कळवता दारात येऊन उभ्या राहिल्यात. त्या दमलेल्या कामगाराला भेटायचंय म्हणतायत. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलंय.