शांताक्कांच्या सभेचा फोटो

रविवार, संध्याकाळ. मैलूर, बिदर.

शेजारच्या शांताक्का उद्या कायमच्या लेकाकडं हैदराबादला जायल्यात. परवा म्हणाल्या, "सर, जायच्या आधी आमच्या सभेचा फोटो काढून द्या की. तिथं भिंतीवर लावते." कन्नडमधे चर्चला सभा म्हणतात, एवढं मला ठाऊक. सकाळी कॅमेरा घेऊन गेलो.

सवयीनं पायरीशी चपला काढल्या आणि फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो. प्रार्थना सुटली तरी माणसं हलेनात. शांताक्कांचे हात धरून बोलायलीत, रडायलीत. पायऱ्यांवर चपलांचा हा ढीग. मीच वैतागून ओरडलो, "जरा बाजूला व्हा, फोटो घ्यायचाय!" मला कसली घाई होती? घरी कोण वाट बघत होतं? बिचारे आपापल्या चपला घालून निघून गेले. मग निवांत फोटो काढला. स्वच्छ, नुसती इमारत.

आत्ता त्यांना दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितला.

"सर, ह्यात सभा कुठाय? मला वाटलं, सगळ्यांचा आधीच काढलाव. माणसं कामून घालवलाव?"

सभा म्हणजे माणसं! इतकी वर्षं शेजारी राहून हे कळू नये?

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. मग बोट ठेवून विचारलं, "ह्या चपला कुणाच्या ऱ्हायल्या?"

पायरीवर एकच जोड होता. माझा.

उद्यापासून आमच्या दोन्ही दारांत मिळून तेवढाच.