लग्नाआधीचा आंबा

२६ मे १९७८, सानगडी
दुपारच्या एस.टी.ने पोचले. हे नाही आले, फॅक्टरीत रजा नाही म्हणे. दादा स्टँडवर सायकल धरून उभा. घरी नेलंच नाही, आधी बाग.
वहिनी गेल्यापासून दुकान मुनिमावर टाकून हा माणूस बागच करतोय. बोडीच्या तळ्यातून पाट काढलाय. मोहाच्या झाडांमधून तो उतरत येतो, दगडांवरून पडतो, खाली कारंजं. इंजिन नाही, पाणी आपल्याच जोरावर उडतं. तिथे बसले नि घरी जायचं भानच राहिलं नाही.

२७ मे
सकाळी बांबूची वाट. आत सगळं हिरवं, माझे हातसुद्धा. वाट संपते तिथे वहिनीचा आंबा. तिच्या माहेरची कोय, तिनेच पुरलेली. यंदा पहिल्यांदा धरलाय.
दादा खात नाही. आमराईचं लग्न लावल्याशिवाय लावणाऱ्या घराने फळ तोंडाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला जोडपं बसावं लागतं, आणि दादा एकटा. भटजी म्हणाले, बहीण नि तिचा नवरा बसले तरी चालेल. पण हे बसतील तर ना.
मी दिल्या घरची, मला खायला हरकत नाही. दादाने फोड कापून दिली, समोर उकिडवा बसला.
"कशी लागली, सुमे?"
आंबट. दात शिवशिवले.
गोड, म्हटलं.
"कशी गोड? नीट सांग मले."
मग काय काय सांगत सुटले. मध, गूळ, खालून किंचित केवड्याचा वास. तो डोळे मिटून ऐकत होता. इतका सुखी चेहरा वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. काय करणार?

९ जून, जवाहरनगर
जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "झाडाचं लगन? मले नाही जमत. फॅक्टरीतले हसतील." मी आग्रह केला नाही. खरं तर बरंच वाटलं. लग्न नाही तर चव नाही, चव नाही तर...
आंबट होता हे इथेच लिहिते. क्वार्टरच्या नळाखाली बादली भरताना डोळे मिटले की बाग येते. पाणी तेच, आवाज तोच.

४ नोव्हें.
भाऊबीज करून परतलो. या वेळी हे होते. ओवाळणी झाल्यावर दादाबरोबर बागेत गेले ते दिवेलागणीपर्यंत पत्ता नाही. मी बघायला गेले तर दोघं कारंज्यात पाय सोडून बसलेले.
साकोलीच्या पुढे बसमध्ये हे एकदम, "बसू आपन लग्नाले. तो मानूस झाडाकडे नुसता पाहून राहते."
मला आनंद व्हायला हवा होता. आता दादा तो आंबा चाखणार, एवढंच डोक्यात आलं.

३ जून १९७९, सानगडी
लग्न लागलं. आंब्याला बाशिंग, बुंध्याशी चमेलीचा वेल नवरी, तिला खण. मध्ये दादाचं नवं धोतर अंतरपाट. हे टोपी घालून एवढे गंभीर, आमच्या लग्नात नव्हते तेवढे. अक्षता पाटात पडल्या, वाहत खाली गेल्या, मासे वर आले. पंगत मोहाखाली. दिवसभर आपण पाण्याच्या आतून सगळं बघतोय असं वाटत होतं.
पाहुणे गेल्यावर दादाने पाडाचा एक उतरवला. आधी माझं ऐक, असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.
चोखून खाल्ला. हळूहळू, कोय पांढरी होईपर्यंत. पहिल्याच घोटाला त्याचा एक डोळा मिटला होता, तरी कोय सोडली नाही.
"तू म्हनली होती तशीच आहे."
मी हात पुढे केला. एक मला दे ना रे दादा, म्हटलं. त्याने टोपली उचलून आपल्या पलीकडे ठेवली.
"राहू दे. आता माह्या वाट्याचे आहेत हे."

५ जून, जवाहरनगर
दादाने यांनासुद्धा एक आंबा दिला नाही. आज विचारत होते, तो आंबा लागतो तरी कसा.
दादाला विचारा, म्हटलं.