पाण्याच्या दोन रेघा

बाबा, आज बाळकुमला एक जुनी सायकल बघून आले. स्वतःसाठी. रेसची आहे, तुम्ही हसायचात तसली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर, ना कॅरिअर ना मडगार्ड. "हिला भाजीची पिशवी कुठे लावणार?" असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. मीही स्वतःला विचारलं. तरी तिच्यासमोरून पाय निघेना.

आम्हा शिक्षकांना मतदारयादीच्या कामाला घरोघर पाठवतात. गेल्या महिन्यात तिथल्या एका कोळ्याच्या घरी नावं तपासत होते, तर ही भिंतीवर, देवांच्या फोटोंच्या जरा खाली, टांगलेली. घरातली माणसं विचारायची सोडून मी विचारलं, ही कोणाची? घरातले काका म्हणाले, माझी, तरुणपणी शर्यतीत चालवायचो, आता गुडघे नाय म्हणतात. विकणार का, हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला वर्तकनगरला घरी परत येईपर्यंत कळलं नाही. माझी शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, वय चाळिशीच्या पुढे. तेव्हापासून डायरीत दुसरा विषय नाही. मला सायकल हवी आहे, की सायकल चालवणारी बाई म्हणवून घ्यायची हौस आहे? घरात विचारलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घे की. पण पडलीस तर मला बोलवायचं, शेजाऱ्यांना नाही."

शेवटी ठरवलं, तुमच्या पद्धतीने बघायचं. मी लहान असताना ठाकुर्लीला कोणी जुनी सायकल घेणार असलं की रविवारी तुम्हाला बोलावणं यायचं, आणि मी तुमच्या मागे मागे. तुम्ही घंटी वाजवून बघत नसत, रंगाकडे बघत नसत. एक बादली पाणी मागायचात, ते रस्त्यावर ओतायचात आणि विकणाऱ्यालाच त्यातून सरळ सायकल न्यायला सांगायचात. स्वतः चालवली तर मागे बघायला मान वळते आणि मानेबरोबर चाकही वळतं, हे तुमचं कारण. तो पुढे गेला की तुम्ही उकिडवे बसता, मीही शेजारी बसते, आणि आपण कोरड्या रस्त्यावरची ओली खूण बघतो. पुढच्या चाकाच्या रेघेवरूनच मागचं चाक गेलं तर एक रेघ, सायकल चांगली. शेजारी शेजारी दोन उमटल्या तर सांगाडा वाकलेला. एकदा मी म्हटलं, "पण चालतेय ना छान!" तुम्ही केवढे रागावलात. "चालतं सगळंच. सरळ चालतं का, ते बघायला शीक." पण विकणाऱ्यासमोर चकार शब्द नाही. "विचार करून सांगतो," म्हणायचं आणि निकाल घरी जाताना वाटेत.

आज मी बादली मागितली, तर काकू म्हणाल्या, "आताच धुवून नेतेस काय गो बाय? ने एकदाची. इतकी वर्षं माझ्यापेक्षा हिलाच जास्त पुसलीय यांनी."

"तू कुठे गंजतेस?" काका म्हणाले.

"बघा, बघा कसे बोलतात!"

काका गुडघ्यावर हात दाबत चढले, पण एकदा बसल्यावर असे वाकले की गुडघ्याचं त्यांचं त्यांनाच आठवलं नसावं. पाण्यातून गेले, गल्लीच्या टोकापर्यंत अगदी सरळ. मी उकिडवी बसले. दोन रेघा. मध्ये बोटभर जागा. "विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि उठताना एकदम आपली ठाकुर्लीची गल्ली डोळ्यांपुढे आली.

आपल्या वळणावरचा नळ कायम गळायचा. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या सगळ्या सायकली त्या पाण्यातून यायच्या आणि आपल्या दारावरून ओली रेघ काढत पुढे जायच्या. एक, एक, एक. आई मला दारात बसवून आत स्टोव्हला पंप मारत असते. "दोन दिसल्या की सांग गं, आधण ठेवते." दोन रेघा म्हणजे बाबा. तुम्ही सायकल मागच्या बाजूला लावून येईपर्यंत चहात साखर पडलेली असायची. मला ते इतकं साधं वाटायचं की त्या दोन रेघा आणि रविवारच्या दोन रेघा एकच, हे आज बाळकुमला उकिडवी बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुम्हाला माहीत होतं का, बाबा? एवढंच विचारायला लिहायला बसले. तुम्ही ती सायकल घेतलीत आणि मग पाण्याची युक्ती शिकलात? की दुसऱ्यांसाठी बादल्या ओतत राहिलात आणि स्वतःच्या सायकलीखाली कधी ओतल्याच नाहीत? की दोन रेघा बघूनही, काही कारणाने, तिच्यासमोरून तुमचे पाय निघाले नाहीत? तसं असेल तर ते कारण मला फार ऐकायचं आहे. तुम्ही जाईपर्यंत तीच सायकल चालवत होतात, आणि कधी कशाला धडकलात असं मला आठवत नाही. आईला विचारलं असतं, तीही नाही. इतरांना चांगल्या सायकली निवडून देऊन तुम्ही तिच्याशीच का राहिलात, हे सांगू शकेल असं आता कोणी उरलं नाही.

तुमच्या नियमाने निकाल सरळ आहे, घेऊ नये. तो मी वाटेत स्वतःला सांगितलासुद्धा, तुमच्याच आवाजात. पण हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. "विचार करून सांगते" म्हणून मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले होते. तिथून मागे फिरले आणि काकांना म्हटलं, तोवर दुसऱ्या कोणाला दाखवू नका.