उजव्या दारावरची स्टेपनी

३ डिसेंबर २०२५, बुधवार

शिडी अजून ठरलेली नाही. स्टेपनीही नाही. पंचवीस तारखेला हेमलता आणि तिची लेक गौरी व्हॅन घेऊन हंपीला निघणार — गौरी चालवणार. बाकी सगळं झालंय. खाट, सिंक, पंखा, पडदे. राहिलंय ते मागचं दार. धाकटा भाऊ सुहास गेला तेव्हा काम जिथे थांबलं होतं, तिथेच आहे.

स्टेपनी मुळात गाडीच्या पोटाखाली होती. तिथे आम्ही पाण्याची टाकी बसवली, म्हणून चाक मागे न्यावं लागणार. त्याला दोन वाटा. एक — मागच्या उजव्या दारावर ब्रॅकेट बसवायचं, त्यावर चाक. हलकं, सुटसुटीत. ही सुहासची वाट. दुसरी — बंपरला फिरणारा लोखंडी हात जोडायचा, चाक त्या हातावर. दार उघडायच्या आधी दर वेळी हात बाजूला फिरवायचा. जड, कटकटीचं, पण दाराच्या बिजागऱ्यांवर भार शून्य. ही माझी.

दाराच्या ब्रॅकेटवर ठसा आहे : कमाल २० किलो. सुहास म्हणाला चाक अठरा. मी म्हटलं, चोवीसच्या वर. भांडण एवढंच.

५ डिसेंबर

एवढंच नव्हतं. लिहून ठेवतो.

३० सप्टेंबर. गल्लीत, व्हॅनच्या मागे. सुहास मोबाईलवर कॅटलॉग दाखवत होता. "अण्णा, हे बघ, छापलंय." मी चाक उचललं, खाली ठेवलं. म्हटलं, "साडेचोवीस." तो हसला. "अण्णा, हात म्हणजे काटा नव्हे."

तो आमच्या घरातला इंजिनिअर. मी दहावी. व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग — सगळं बघून, विचारून, चुकून शिकलो. अठ्ठावीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहे. डिग्रीवाले माझ्या सहीसाठी टेबलापाशी उभे राहतात. आणि हा मला हाताचं सांगतो! मी म्हणालो, "तुझं आयुष्य कॅटलॉग वाचण्यात गेलं. चाक उचललंयस कधी?"

हेमलता जिन्यात उभी होती. तिच्या नवऱ्याला तिच्यासमोर बोललो.

नंतर अकरा दिवस अबोला. घर एकच — ते तिघं खाली, मी एकटा वर. एरवी सकाळी तो पेपर घेऊन वर यायचा, माझ्याकडे कॉफी प्यायचा. त्या अकरा दिवसांत पेपर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून परत जायचा. ११ ऑक्टोबरला पायरीवर पेपर नव्हता. मी दहा मिनिटं वाट पाहिली — रागानं. मग खालून हेमलताची हाक आली.

बाराव्याला सगळे रडले. मी मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते बघत होतो. डावीकडचा नव्हता.

६ डिसेंबर

पट्टा सैल होतोय. पंच घेऊन आणखी एक भोक पाडलं. चामडं ताणतं. हल्ली धड काही मिळत नाही.

७ डिसेंबर, रविवार

व्हॅन घेऊन हयवदनकडे. बोम्मसंद्र्यात त्याचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, आमच्या फॅक्टरीच्या मागच्या रस्त्याला. चांगला वेल्डर. दोष एकच — "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर." म्हणजे थोडं चालवून घ्या. मी त्याला नेहमी सांगतो, मिलिमीटरला अ‍ॅडजस्ट नसतं. तो नेहमी हसतो. "सरी, सर. सरी." म्हणजे बरं, बरं.

शिडी ठरली. त्यानं तीन काढून ठेवल्या होत्या. पहिली तयार, चकचकीत — वरचे आकडे छपराच्या पन्हळीत नुसते अडकवायचे. नको. दार आपटलं की सुटणार. दुसरी लोखंडी, चांगली, पण चौदा किलो. दारावर नुसत्या शिडीचे चौदा किलो? तिसरी अ‍ॅल्युमिनियमची, साडेपाच किलो, चार ठिकाणी आरपार बोल्ट, आतून पट्टी. पायऱ्यांमध्ये तीनशे मिलिमीटर. गोल नळीवर पाय घसरतो, म्हणून पायऱ्यांना वरून खडबडीत पट्टी चिकटवायला लावली. हीच.

डाव्या दारावर बसवली. रस्त्याकडेला गाडी लावली की डावी बाजू फुटपाथची. चढणारा माणूस रहदारीत नको. हे सुहासला सुचलं नसतं. किंवा सुचलं असतं. त्याला छपरावर सतरंजी टाकून चहा प्यायचा होता. शिडीत त्याला रस होता तो तेवढाच.

बसवल्यावर मी वरपर्यंत चढून पाहिलं. दार हललं नाही. हयवदन म्हणाला, "सर चढले, शिडीला कळलंच नाही!" वेल्डिंग उत्तम आहे.

माझ्या ड्रॉइंगप्रमाणे त्यानं ऑक्टोबरमध्येच बंपरचा हात करून ठेवलाय. कोपऱ्यात उभा होता, वर धूळ. "हा लावू का, सर?" मी म्हटलं, थांब.

का थांब म्हटलं, माहीत नाही.

९ डिसेंबर

मेट्रोनं गेलो, मेट्रोनं आलो. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं. पट्ट्याची एक कडी काढायला हवी.

१० डिसेंबर

संध्याकाळी हेमलता डबा घ्यायला वर आली. उघडून बघितला.

"अण्णा, निम्मा परत. मीठ कमी होतं का?"

"नाही."

"मग भेंडीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

ती गेली नाही. दारातच उभी. मग म्हणाली, "एक विचारू? चाकाचं खरं काय होतं? तुमचं की यांचं?"

मी म्हटलं, मोजलेलं नाही. अंदाज होता दोघांचाही.

"मग मोजा," म्हणाली. "मला कळायला हवं. ते अकरा दिवस रोज जेवताना तेच. अण्णाला अठरा दाखवून देतो, बघच तू. जेवण थंड व्हायचं." मग खाली गेली आणि एक खोका घेऊन आली. वजनाचा काटा — घरात ठेवतात तसा, काचेचा. आठ ऑक्टोबरला आणलेला. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही.

"का नाही मोजलं त्यानं?"

"एकट्याला कसं जमणार? चाक हातात धरलं की पायाखालचा आकडा दिसत नाही. वाचायला दुसरं माणूस लागतं. म्हटलं, मी वाचते. तर म्हणाले — नको, अण्णाच वाचेल. येईल रविवारी खाली."

अकरा ऑक्टोबर शनिवार होता.

१३ डिसेंबर, शनिवार

सुट्टी. मोजलं.

नुसतं चाक ठेवलं तर काट्याचा आकडा झाकतो. तेव्हा घरगुती रीत — चाक मिठी मारून धरायचं, काट्यावर उभं राहायचं, एकूणातून आपलं वजन वजा. हयवदनकडे लटकता काटा आहे, पण तो रिकामा असतानाच सातशे ग्रॅम दाखवतो. फॅक्टरीचा काटा चांगला, पण चाक घेऊन मेट्रोत कोण बसू देणार? आणि सुहासनं हाच आणला होता.

आधी काटा तपासला. तांदळाची दहा किलोची नवी पिशवी ठेवली : १०.०. काढली, परत ठेवली : १०.०. फरशीची पातळी पाहिली. चाकाच्या खाचांतले खडे काढले. मग चाक उचललं. हेमलता उकिडवी बसून वाचत होती.

"ब्याण्णव."

"पॉइंट?"

"पॉइंट शून्य."

तीनदा मोजलं. ब्याण्णव. ब्याण्णव पॉइंट एक. ब्याण्णव.

माझं वजन चौऱ्याहत्तर. फॅक्टरीत दर डिसेंबरला मेडिकल असतं, कार्डावर वीस वर्षं चौऱ्याहत्तर. एक किलो इकडे नाही, तिकडे नाही. ब्याण्णवातून चौऱ्याहत्तर गेले — अठरा.

अठरा.

चाक खाली ठेवलं. हाताला अजूनही ते चोवीसच लागत होतं. उलट थोडं जास्तच. हात म्हाताऱ्याचा झाला असेल. पण काटा तो काटा.

हेमलताला म्हटलं, "सुहास बरोबर होता. मी चुकलो."

असं वाक्य मी याआधी कधी उच्चारलेलं आठवत नाही. उच्चारलं. काही झालं नाही. डोळ्यांत काही आलं नाही.

हेमलता तिसऱ्या पायरीवर बसली. मग हसायला लागली. "बघा हो," म्हणाली — माझ्याकडे बघून नाही. मग पदर डोळ्यांना. मग लगेच फोन. गौरी इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसात होती, शनिवार असूनही. "गौरी, तुझे बाबा जिंकले!"

स्पीकरवरून गौरी : "खोटं! काका कबूल झाले? मला रायटिंगमध्ये हवंय!"

"आत्ता देतील. अण्णा, द्या हो."

दिलं. पॅडचा कागद घेतला. तारीख, वेळ, मोजण्याची रीत, तीन नोंदी, सरासरी. खाली : स्टेपनीचे वजन १८ किलो. पद्माकर. सही. अठ्ठावीस वर्षांत माझ्या सहीनं एकही चुकीचा रिपोर्ट बाहेर गेलेला नाही, हे सुहासलाही ठाऊक होतं. हेमलतानं कागद फ्रिजवर लावला — हंपीच्या रथाचं चुंबक आहे, त्याखाली. सुहासनंच आणलं होतं ते, ऑफिसच्या सहलीत.

रात्री खालून पोळ्या लाटल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी ती गुणगुणत होती.

१४ डिसेंबर, रविवार

हयवदनकडे. उजव्या दारावर ब्रॅकेट बसवलं. आतून तीन मिलिमीटरची पट्टी, बोल्ट सहा, सगळे टॉर्क लावून आवळले. नंबरप्लेटला चाकाची कड चाळीस मिलिमीटर मोकळी. दिवे पूर्ण दिसतात. कुठला पोलीस अडवणार नाही.

हयवदन चाक चढवताना म्हणाला, "सर, हे अठरा?" मी म्हटलं, मोजलंय. म्हणाला, "सरी, सर." बंपरचा हात तसाच कोपऱ्यात.

परतीला होसूर रोडवर प्रत्येक गतिरोधकाला आरशात बघितलं. उजवं दार दर वेळी थोडं खाली बसतं, परत वर येतं. नवी गाडी नाही. असं होत असेल.

१७ डिसेंबर

दाराच्या वरच्या बिजागरीची फट मोजली. रविवारी चार मिलिमीटर. आज चार पॉइंट तीन. तीन दशांश. रबर दबलं असेल.

१९ डिसेंबर

गौरी येऊन सामान लावतेय. शिडीवरून छपरावर गेली, वरून ओरडली, "काका, मस्त आहे! या ना वर!" म्हटलं, मी पाहिलंय. सतरंजी वर नेऊन ठेवली तिनं. सुहासची.

चार पॉइंट चार.

२२ डिसेंबर, सोमवार

फॅक्टरीत मेडिकल. सिस्टरनं आकडा सांगितला. म्हटलं, काटा तपासा. तिनं तपासला. मी उतरलो, परत चढलो. सदुसष्ट पॉइंट पाच.

"अण्णा, वर्षात साडेसहा किलो? घरी काही झालं का?"

ब्याण्णव वजा सदुसष्ट पॉइंट पाच. साडेचोवीस.

सगळं तपासलं होतं मी. फरशीसुद्धा. स्वतःला नाही.

तिथूनच हयवदनला फोन केला : बंपरचा हात उद्या लावायचा, दारावरचं चाक काढायचं. घरी येऊन सांगितलं, उद्या चाक बंपरवर. हेमलतानं विचारलं, आता परत काय? म्हटलं, नंबरप्लेट झाकली जाते. "तुमचं मेलं मिलिमीटर!" म्हणाली, आणि ताट वाढलं. वर नेलं नाही, खालीच बसलो, फ्रिजसमोर. घास तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. तिनं भाजी वाढली.

कागद फ्रिजवर आहे. अठरा किलो, खाली माझी सही. अठ्ठावीस वर्षांतला पहिला चुकीचा रिपोर्ट. राहू दे.